आत्याचं जेवण आणि एनपरचं पान

माझा स्वभाव तापट आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही. धारच्या कॉलेजात वाणिज्य शिकवत होते तोवर या रागाला रोजचं गिऱ्हाईक होतं. निवृत्त झाल्यावर घरात एकटा नवरा उरला, आणि तो सगळी नोकरी सिंचन खात्यात करून आलेला. गंधवानीला, धरमपुरीला, जिथं बदली होईल तिथं कालव्याला पाणी का नाही म्हणून लोक त्याच्या टेबलाशी येऊन भांडायचे. अशा माणसावर ओरडून काय उपयोग? तो मान डोलावतो आणि चहा घेणार का विचारतो.

राग असा बिनकामाचा पडून असताना मला स्प्रेडशीटची मदतीची पानं सापडली.

झालं असं, की घरच्या हिशेबासाठी मी एक फुकट मिळणारं स्प्रेडशीट वापरत होते. जगभरातले हौशी लोक बिनपगारी ते तयार करतात. त्यात व्याज, हप्ते, मुदती यांची गणितं करणारी तयार सूत्रं असतात, आणि प्रत्येक सूत्र काय करतं ते समजावणारं एक एक पान असतं. एकदा मी त्यातलं मराठी पान उघडलं. तिथं लिहिलं होतं, ‘स्थिर देयके व स्थिर व्याजदर यांवर आधारित गुंतवणुकीच्या कालावधींची संख्या परत करते.’ मी ते तीनदा वाचलं आणि मग नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “परत करते? घेतली कधी होती?”

मी त्या मंडळींना लांबलचक तक्रार पाठवली. आयुष्यभर मुलांना हे विषय शिकवले, पण असलं मराठी एखाद्या नापास मुलानंही लिहिलं नव्हतं, वगैरे. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. आपल्या तळमळीबद्दल आभार, आमच्याकडं मराठी जाणणारं सध्या कुणीच नाही, तर हे काम आपणच घ्याल का? म्हणजे भांडायला म्हणून गेले आणि त्या घरची सून होऊन बसले.

त्यातही मला अर्थविषयक सूत्रं मिळाली, कारण ती कुणालाच नको होती. नियम असा, की मराठी पानात मूळ इंग्रजी पानाबाहेरचं एक अक्षरही घालायचं नाही. घालायचंच असेल तर आधी इंग्रजी पान सुधारा, ते मंजूर करून घ्या, मग मराठीत आणा. मंजुरी देणारे एक सद्गृहस्थ कुठल्याशा थंड देशात राहतात. आम्ही कधी एकमेकांना पाहिलेलं नाही. मी चिडून काही लिहिलं की ते माझ्या तळमळीबद्दल आभार मानतात. पहिल्या वर्षात त्यांनी इतके आभार मानले, की नवरा मला विचारायचा, “आज पुन्हा तळमळ झाली का?”

माझी स्वतःची कसोटी नवराच होता. पान वाचून त्यानं मला काही न विचारता गणित करून दाखवलं तरच ते पान झालं असं मी धरायची. एका पानावर मूळ उदाहरण हौसेची बोट विकत घेण्याचं होतं. नवरा म्हणाला, धरमपुरीच्या घाटावर मी इतकी वर्षं नावा पाहिल्या, हौसेसाठी नाव घेणारा एकही माणूस पाहिला नाही. मी बोट काढून पिठाची गिरणी घातली. थंड देशातल्या गृहस्थांनी विचारलं, की माणसं गिरणी विकत का घेतात? त्यावर माझी जी तळमळ झाली ती इथं सांगण्यासारखी नाही. पण गिरणी राहिली.

आता आत्याकडं येते.

माझी आत्या देवासला राहते. शाळेत शिक्षिका होती, लग्न केलं नाही, ऐंशी ओलांडली तरी जीभ शाबूत. तिच्या घराजवळ आमच्या मराठी मंडळींचं एक लहानसं दत्तमंदिर आहे, पुढं सभामंडप, मागं स्वयंपाकघर. तिथं कायम ठेवीची रीत आहे. कुणीतरी एकरकमी पैसे द्यायचे, मंदिरानं ते बँकेत ठेवायचे, आणि त्याच्या व्याजातून दरवर्षी ठरलेल्या तिथीला देवाला नैवेद्य आणि येईल त्याला जेवण. बहुतेक लोक हे वडिलांच्या किंवा आईच्या पुण्यतिथीला करतात. आत्यानं एक लाख रुपये दिले ते स्वतःच्या वाढदिवसाला.

मंदिराचं मंडळ त्या वेळी गोंधळलं होतं. जिवंत माणसाच्या नावानं ठेव घ्यावी का, यावर बैठक झाली. आत्यानं त्यांना सांगितलं, की मेल्यावर मला कोण पुरी वाढणार आहे? जिवंत आहे तोवर मी स्वतः पंगतीला बसेन, पुढं लोक बसतील. मग वाढदिवस कधीचा, हा प्रश्न निघाला. तर तो कुणालाच ठाऊक नव्हता. पाचवी मुलगी, तिच्या जन्माची वेळ कोण टिपून ठेवणार? शाळेच्या दाखल्यावरची तारीख गुरुजींनी अंदाजानं घातलेली. तेव्हा आत्यानं आपली जन्मतिथी आपणच निवडली: ज्येष्ठ शुद्ध पंचमी. कारण ज्येष्ठात आंबा असतो आणि शाळा बंद असतात, म्हणजे पोरंही जेवायला येतात. अधिक ज्येष्ठ आला तर काय, असं अध्यक्षांनी विचारलं. आत्या म्हणाली, मी एकदाच जन्मले, निज ज्येष्ठातच करा. जेवणही तिनंच ठरवून दिलं. आमरस, पुरी, बटाट्याची भाजी, कुरडई. येईल त्याला वाढायचं, नाव विचारायचं नाही.

तिचं घर भाड्याचं. दागिने तिनं भाचरांच्या लग्नांत वाटून टाकले. आपल्यामागं आपलं असं काही उरणार असेल तर तो वर्षातला एक दिवस, हे ती उघड बोलून दाखवायची. म्हणून माघात तिचा फोन आला तेव्हा मी हातातलं काम टाकलं.

“मंडळानं माझं आयुष्य साडेतेरा वर्षांवर आणलं आहे,” ती म्हणाली. “त्यापुढं खिचडी.”

मी तिला सावकाश सांगायला लावलं. मंदिराला नवे खजिनदार मिळाले होते, आणि त्यांनी सगळ्या ठेवी कॉम्प्युटरवर घालून कुठली किती वर्षं पुरेल ते काढलं होतं. मंडळाचा विचार असा, की ज्या ठेवी खरोखर कायम पुरणाऱ्या नाहीत त्या एकत्र करायच्या आणि त्या सगळ्यांचं मिळून दिवाळीनंतर एकच सामुदायिक जेवण घालायचं, खिचडीचं. आत्याची ठेव साडेतेरा वर्षं पुरणारी निघाली, म्हणून तीही त्यात. फाल्गुनात, पाडव्याआधी बैठक होती, तिथं ठराव व्हायचा होता. बाकीचे सगळे दाते स्वर्गात, त्यामुळं हरकत घेणारी एकटी आत्याच.

मी आणि नवरा इंदूरला बस बदलून देवासला गेलो. खजिनदारांचं फोटोकॉपी आणि टायपिंगचं दुकान होतं. चाळिशीचा माणूस, शिंप्याच्या घरातला, तीन पिढ्या त्या मंदिराला झेंडे आणि देवाचे कपडे शिवून देणाऱ्या घराण्यातला. शाळा सगळी हिंदीत झालेली, म्हणून मराठी वाचताना अडखळायचा आणि बोलताना दोन्ही भाषा एकाच वाक्यात यायच्या. अत्यंत सरळ माणूस. मी भांडायला आले आहे हे ओळखूनही त्यानं आधी पंखा आमच्याकडं वळवला. स्प्रेडशीट कुठलं, तर माझंच, कारण फुकट. सूत्र कुठलं, तर एनपर. ठेव, व्याजाचा दर आणि दरवर्षीचा खर्च सांगितला की पैसे किती वर्षं पुरतील ते एनपर सांगतं. मी मनात म्हटलं, चला, माणूस निदान योग्य दारात उभा आहे.

आत्याची ठेव एक लाख, व्याज सहा टक्के, जेवणाचा खर्च पाच हजार. आता वाणिज्याचं सोडा, पाढे येणाऱ्यालाही कळेल की व्याज वर्षाला सहा हजार येतं, खर्च पाच हजार होतो, म्हणजे मुद्दलाला हातच लागत नाही. मग साडेतेरा आले कुठून? मी त्याला म्हटलं, पुन्हा करून दाखवा. त्यानं आकडे घातले आणि पडद्यावर उत्तर आलं ते साडेतेरा नव्हतं. उणे साडेतेरा होतं, लाल अक्षरात.

मी विचारलं, हे उणे कागदावर का नव्हतं?

तो म्हणाला, “वो मैंने हटा दिया, ताई. देवाच्या हिशेबात लाल अक्षर चांगलं नाही दिसत.”

मग उलगडा होत गेला. या सूत्रांची एक सक्त रीत असते. आपल्या हातून जाणाऱ्या रकमेपुढं उणे लावायचं आणि हातात येणारी तशीच लिहायची. एक लाख मंदिराच्या हातून बँकेत जातात, म्हणून त्यापुढं उणे हवं. खजिनदारानं ते लावलं नव्हतं. विसरला म्हणून नव्हे, ठाऊक असून लावलं नव्हतं. त्याचे वडील मंदिराचे हिशेब पाहायचे, तेही कधी देवाच्या रकमेपुढं उणे लिहीत नसत. गेलेला पैसासुद्धा ‘देवाकडे’ असा लिहीत. घरात तांदूळ सरले तरी सरले म्हणायचं नाही अशा घरात तो वाढलेला. देवाच्या लाखापुढं उणे लावायला त्याचा हात धजेना, आणि उत्तरात आलेलं उणेही त्यानं त्याच भक्तिभावानं पुसून टाकलं.

मी मग माझ्या पद्धतीनं त्याला समजावलं. दुकानात फोटोकॉपी काढायला आलेले दोघे बाहेर जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, तुमच्या या उत्तराचा अर्थ काय होतो ठाऊक आहे का? पैसे साडेतेरा वर्षांपूर्वीच संपले, म्हणजे आत्यानं ते द्यायच्याही आधी. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, पण जेवण तर गेल्या वर्षीही झालं, मी स्वतः दोन वाट्या रस घेतला. म्हटलं, तेच तर सांगते आहे.

शेवटी तो उणे लावायला तयार झाला. चपला काढल्या, भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीला हात जोडले, लाखापुढं एक आडवी रेघ मारली आणि डोळे मिटून बटण दाबलं. पडद्यावर आली एरर.

मला ते अपेक्षितच होतं. पैसे कधी संपतील ते शोधायला एनपरला सांगितलं, आणि पैसे कधीच संपणार नसतील, तर बिचारं शोधणार काय? ते हात टेकतं. इथं एरर हीच सगळ्यात चांगली बातमी होती. पण खजिनदाराच्या चेहऱ्यावर वेगळंच होतं. त्याच्या मते देव रागावला होता. मी त्याला खर्च आणि व्याज तोंडी सांगून पटवायचा प्रयत्न केला. तो नम्रपणे ऐकत राहिला आणि मग म्हणाला, “ताई, तुम्ही आत्यांच्या भाची. मैं मान भी लूँ, तर मंडळ कसं मानेल? मदतीच्या पानावर लिहिलेलं दाखवा.”

आम्ही पान उघडलं. एनपरचं पान अजून माझ्या हातून व्हायचं होतं, रांगेत होतं. एररबद्दल तिथं एकच ओळ होती: ‘मापदंड अवैध असल्यास त्रुटी परत करते.’ खजिनदारानं एकेक अक्षर लावत ते मोठ्यानं वाचलं, आणि ‘अवैध’पाशी येऊन थांबला. त्याला तो शब्द हिंदीतून पक्का ठाऊक होता. अवैध दारू, अवैध बांधकाम. त्याच्या मते निकाल लागला.

संध्याकाळी आत्याला हे सांगितलं. ती चहा ओतत होती. म्हणाली, “एवढं आयुष्य गेलं, मला कुणी अवैध म्हटलं नव्हतं.” पण कप भरला तरी ती ओततच राहिली. नवऱ्यानं तो पटकन घेतला आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला फार राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. खजिनदार खोटा नव्हता, मंडळ दुष्ट नव्हतं, गणित बरोबर होतं. चूक होती ती एका ओळीची, आणि ती ओळ लिहिणारा कोण, कुठला, कुणाला ठाऊक?

धारला परत आल्यावर त्याच दिवशी मी एनपरचं इंग्रजी पान सुधारायला घेतलं. बैठक व्हायच्या आत ते मंजूर व्हायला हवं होतं. मी एररच्या ओळीच्या जागी चांगला मोठा परिच्छेद लिहिला. त्यात मंदिर होतं, कायम ठेव होती, आत्या होती, आमरसही होता. थंड देशातून उत्तर आलं, की उदाहरण सुंदर आहे, पण पैसे कधीच संपू नयेत अशी अपेक्षा ठेवणारा वापरकर्ता वास्तवात असतो का? मी लिहिलं, आमच्या मुलखात राजे जमीन दान द्यायचे तेव्हा सूर्यचंद्र असेतोवर असंच लिहून द्यायचे, आणि त्यांच्याकडं स्प्रेडशीट नव्हतं. त्यांनी यासाठी संदर्भ मागितला.

मग माझा संयम सुटला. मी लिहिलं, की संदर्भ देवासला भाड्याच्या घरात राहतो, गेले आठ दिवस नीट जेवत नाही, आणि तुमच्या ‘अवैध’ या शब्दामुळं तिचा दिवस जातो आहे. तुमच्या देशात म्हाताऱ्या बायकांना आपल्यामागं चार माणसं जेवावीत असं वाटत नसेल, तर आनंद आहे. पाठवलं आणि पाठवल्यावर मलाच ते फार वाटलं. नवऱ्यानं वाचून पाहिलं. आज आभार मानणार नाहीत, एवढंच तो म्हणाला.

खरंच मानले नाहीत. पुष्कळ दिवस काहीच आलं नाही. मी कॉम्प्युटर उघडायची, बंद करायची, नवऱ्यावर खेकसायची. पाडवा जवळ येत चालला. आत्या रोज फोन करून दुसरंच काहीतरी बोलायची, कैरीचं, उन्हाचं, शेजारणीच्या गुडघ्याचं. पानाबद्दल एकदाही विचारलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

मग उत्तर आलं. गृहस्थांनी लिहिलं होतं, की त्यांनी स्वतः आकडे घालून पाहिले, मी म्हणते ते बरोबर आहे, आणि आजवर हे पानावर नव्हतं याचं त्यांना आश्चर्य वाटतं. माझ्या परिच्छेदातलं मंदिर, आत्या, आमरस, राजे, सूर्यचंद्र सगळं काढून त्यांनी दोन वाक्यं ठेवली होती. मी ती त्याच तासाला मराठीत आणली: ‘एरर दिसली म्हणजे आकडे चुकलेच असं नाही. दर वेळी मिळणारं व्याज काढलेल्या रकमेइतकं किंवा जास्त असेल, तर पैसे कधीच संपत नाहीत, आणि म्हणून एनपर संख्या देऊ शकत नाही.’ खाली त्यांनी निरोप जोडला होता, की आत्यांना नमस्कार सांगा, आणि आमरस म्हणजे काय ते सवडीनं कळवा.

बैठक सभामंडपात होती. सतरंजीवर मंडळाची माणसं, मधे खजिनदाराचा लॅपटॉप. आत्याला बोलावलेलं नव्हतं, म्हणून ती सगळ्यांत आधी येऊन पुढं बसली होती. मी पान वाचून दाखवलं. माना हलल्या. खजिनदारानं पडदा खाली सरकवला, आणि पान कुणी सुधारलं त्याची नावं असतात तिथं जाऊन थांबला.

“ताई, लिखा भी आपने और दिखा भी आप ही रही हो?”

हे मी टाळू शकत नव्हते. म्हटलं, हो, लिहिलं मी, पण तपासलं दुसऱ्यानं. त्या दुसऱ्याचं नाव मला वाचता आलं नाही, तेव्हा मंडळात खसखस पिकली. अध्यक्ष म्हणाले, की असं असेल तर उद्या कुणीही आपल्या सोयीचं लिहून आणेल. मला रागसुद्धा येईना. मी आत्याकडं पाहिलं तर ती देवाकडं पाहत होती.

तेव्हा मागून नवरा बोलला. तो बैठकीत कधी बोलत नाही. “भिया,” तो खजिनदाराला इंदुरी थाटात म्हणाला, “पान राहू द्या. तुम्ही जेवणाचा खर्च वाढवून बघा ना.”

खजिनदारानं पाच हजारांच्या जागी सात हजार घातले. एरर गेली आणि उत्तर आलं, तेहतीस वर्षं. हे सगळ्यांना पटलं, सहा हजार व्याज आणि सात हजार खर्च, तर पैसे संपणारच. साडेसहा हजार घातले, चव्वेचाळीस वर्षं. सहा हजार शंभर घातले, सत्तर. आता लोक सरकत सरकत लॅपटॉपजवळ आले. सहा हजार दहा, एकशेनऊच्या वर. कुणीतरी म्हणालं, एकच रुपया जास्त ठेवून बघा. सहा हजार एक घातले, जवळजवळ दीडशे वर्षं आली. खजिनदाराचं बोट अधांतरी थांबलं. मग त्यानं तो शेवटचा एक रुपया काढला आणि एरर आली.

खजिनदार पडद्याकडं बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, “म्हणजे ही चूक नाही. इसके आगे गिनती ही नहीं है.”

मी इतकी वर्षं शिकवलं, पण वर्गात असा क्षण फार थोड्या वेळा आला. तो आत्याकडं वळला आणि वाकून तिच्या पाया पडला. आत्यानं त्याला पुढच्या वेळी उणे लावत जा असं सांगितलं.

अध्यक्षांनी एक खरा प्रश्न काढला. आज खर्च पाच हजार आहे, पण तुपाचा, आंब्याचा भाव वर्षागणिक वाढणार. उरलेले हजार रुपये दरवर्षी मुद्दलात घातले तरी किती पुरे पडणार? याला सूत्र नव्हतं, असलं तरी मी ते त्या दिवशी काढलं नसतं. उत्तर आत्यानं दिलं.

“पुऱ्या लहान लाटा,” ती म्हणाली. “रसात पाणी घाला. पण माणूस एकही कमी करायचा नाही.”

तसं लिहून घेतलं गेलं. आत्याचा दिवस राहिला. बाकीच्या ठेवी खजिनदारानं या वेळी उणे लावून पुन्हा तपासल्या. काही टिकल्या, काही खरोखरच संपत आल्या होत्या, त्यांची खिचडी झाली. स्वर्गातून हरकत आली नाही.

ज्येष्ठात आम्ही दोघं जेवायला गेलो. पंचमीला ऊन असं होतं की मंडपाची फरशी पाय भाजत होती. पोरं खरंच पुष्कळ आली होती. आत्या नवं लुगडं नेसून पंगतीत पंख्याखाली बसली, मी तिच्या डाव्या हाताला. उजव्या हाताला लोहारद्याहून कुणाकडं तरी पाहुणी आलेली एक बाई होती. ती मनापासून जेवत होती. दुसऱ्यांदा रस घेतल्यावर तिनं आत्याला विचारलं, की आज कुणाचं आहे हे जेवण? आत्या म्हणाली, एका मास्तरणीचं. बाईनं उष्ट्या हातानंच नमस्कार केला.

“कोण होती काय ठाऊक,” ती म्हणाली. “पण मोठी पुण्यवान. देवानं तिला चांगली जागा दिली असेल.”

“दिली आहे,” आत्या म्हणाली. “पंख्याखाली.”

बाईला ते कळलं नाही, ती हसून पुरी मोडू लागली. मी पुढं वाकून त्या बाईला सांगणार होते, की अहो, तीच ही, तुमच्या शेजारी बसली आहे. तेवढ्यात आत्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

“बोलू नकोस गं,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “मी नसताना कसं चालेल, ते बघू दे मला.”

आणि ती जेवता जेवता सगळ्या पंगतीवरून नजर फिरवत राहिली, शेवटचं पान उठेपर्यंत.